विश्वासचा सर्व्हर

विश्वास टेंभुर्णे समताला पहिल्यांदा दिसला तो गारांच्या माऱ्यात, आणि त्याच्या सायकलवर मागे एक मूल बांधलेलं होतं. निदान समताला तरी ते मूल वाटलं.

एप्रिल महिना होता. हॉलंडातल्या एप्रिलला आपण नक्की कोणता ऋतू आहोत हे स्वतःलाच माहीत नसतं. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या उइटहॉर्न गावातल्या त्या सरळसोट गल्लीत वारा असा सुटला होता की झाडं मुळं घट्ट धरून उभी होती, बदकांनी उडण्याचा नाद सोडून पायी जायचं ठरवलं होतं, आणि समोरच्या घराचा कचऱ्याचा डबा स्वतःच रस्ता ओलांडून अलीकडे आला होता. अशा वाऱ्यात मान खुपसून एक माणूस पेडल मारत होता. तो पुढे येतोय की मागे जातोय, हे समताला खिडकीतून बराच वेळ कळेना. अंगातला पिवळा रेनकोट फुगून लग्नाच्या मांडवाएवढा झालेला. मागच्या बाळखुर्चीत लाल रेनकोट घातलेलं, पट्ट्यांनी आवळलेलं एक चौकोनी बाळ. डोक्याला हेल्मेट होतं. मान दिसत नव्हती.

समता स्वतः एका मुलीची आई होती. ती तशीच अनवाणी पायरीवर आली आणि समोरचा माणूस मराठी आहे, डच आहे की आणखी कोणी, याची चौकशी न करता त्याला शुद्ध मराठीत झापायला लागली, की लेकराला असल्या हवेत घेऊन फिरताना तुम्हाला काही वाटत कसं नाही.

माणूस उतरला. सायकल भिंतीला टेकवली. बाळाच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, रेनकोटची बटणं एकेक करून सोडली, आणि आतून एक काळी, जड, कुठल्याही कोनातून गोंडस न दिसणारी बॅटरी निघाली. वीज गेली तर संगणक चालू ठेवते, ऑफिसात टेबलाखाली पायाला लागते, ती.

"जय भीम, समताताई," तो म्हणाला. "मी विश्वास टेंभुर्णे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सर्व्हरची तयारी झाली. एवढी बॅटरी राहिली होती, ती इथे शेजारच्या डे क्वाकेल गावात एका म्हाताऱ्याकडे जुनी मिळाली. म्हटलं, जाता जाता कळवून जावं."

समताने त्याला असलं काहीही सांगितलं नव्हतं.

पण गारांत उभ्या असलेल्या माणसाला आधी चहा विचारावा लागतो. कोरोनाच्या त्या दिवसांत सरकारचा नियम होता की घरात दिवसाला पाहुणा एकच, आणि त्या दिवशीचा पाहुणा शेजारच्या डच बाईच्या रूपाने सकाळीच येऊन, कॉफी पिऊन, एकच बिस्किट खाऊन गेला होता. त्यामुळे समताने चहाचा कप कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर ठेवला आणि ती दीड मीटर मागे सरली. मग विश्वास पुढे आला, त्याने कप उचलला आणि तो दीड मीटर मागे सरला. कपात दोन गारा पडल्या. त्या त्याने चहाबरोबर पिऊन टाकल्या आणि यंत्र कुठे बसवलंय ते सांगायला लागला. घराच्या दाराशी विजेच्या मीटरचं कपाट असतं ना, त्यात. बुटांच्या वर, छत्र्यांच्या खाली. थंडही राहतं आणि येता-जाता लक्षही राहतं.

समता मान डोलवत राहिली. तो गेल्यावर ती आत येऊन लॅपटॉपवर आपलीच जुनी मेल शोधायला बसली.

समता अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या कचेऱ्यांच्या भागातल्या एका बँकेत काम करायची. म्हणजे साथ आल्यापासून बँक तिच्या जेवणाच्या टेबलावर आली होती. बँकेतून उरलेल्या वेळात ती 'वेलांटी' चालवायची. वेलांटी हा मराठी लिखाणातल्या चुका दाखवणारा एक मोफत प्रोग्रॅम, आणि तो बनवणारे सगळे हौशी. पुण्याचे होते, नागपूर-लातूरचे होते, अ‍ॅमस्टरडॅमच्या आसपासचे बरेच होते. पैसा कोणालाच मिळत नव्हता. मिळत होता तो भांडायचा आनंद. ऱ्हस्व की दीर्घ, या प्रश्नावर ही मंडळी आठवडाभर न थकता भांडू शकत, आणि त्या भांडणातूनच प्रोग्रॅम पुढे सरकत होता.

भांडायला जागा लागते. ती त्यांना एका जुन्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या, इंटरनेटवरच्या गप्पांच्या जाळ्यावर मिळाली होती. हिवाळ्यात त्या जाळ्याच्या चालकांचंच आपसात फाटलं. दोन गटांनी एकमेकांना कुलूप लावून बाहेर काढलं, आणि एका सकाळी वेलांटीची खोली, तिच्यातल्या जुन्या-नव्या सगळ्या भांडणांसकट, नाहीशी झाली. लोक पांगायला लागले. समताला कळत होतं की यांना लवकर कुठेतरी एकत्र बसवलं नाही तर वेलांटी संपली. म्हणून तिने एका संध्याकाळी, डाव्या हाताने भात ढवळत, उजव्या अंगठ्याने फोनवर सगळ्यांना मेल लिहिली होती. ती आता तिच्या समोर होती.

'आपल्या गप्पांचा सर्व्हर विश्वासचा असावा, कोणा कंपनीचा नसावा. सगळ्यांनी या कामाला लवकर लागू या.'

तिला म्हणायचं होतं विश्वासाचा. भरवशाचा. एक काना राहिला होता. मेल पाठवण्याआधी तिने ती वेलांटीतून तपासूनही घेतली होती, आणि वेलांटीने हिरवी खूण केली होती. वेलांटीच्या दृष्टीने चूक नव्हतीच. विश्वास नावाचा माणूस असला, तर सर्व्हर विश्वासचा असू शकतो. बाकीच्या सगळ्यांनी न लिहिलेला काना मनातल्या मनात घालून ती ओळ वाचली होती. हा एकटाच गृहस्थ जे लिहिलंय ते वाचून कामाला लागला होता.

गटात तो आहे हे तिला जेमतेम आठवत होतं. भंडाऱ्याकडचे शब्द पाठवायचा, तेही अर्थ आणि वापर नीट देऊन. कधी कोणाशी भांडला नव्हता, त्यामुळे कोणाच्या लक्षात नव्हता. तिने ठरवलं, रविवारी फोन करून गोड शब्दांत सांगून टाकायचं.

शनिवारी नीलिमाचा फोन आला. नीलिमा ही विश्वासची बायको, अ‍ॅमस्टलव्हेनच्या एका वृद्धाश्रमात काम करणारी, आणि साथीच्या त्या वर्षात दिवसभर मास्कमध्ये राहिल्यामुळे घरी आल्यावर तोंडाची सगळी कसर भरून काढणारी.

तिने आधी तक्रार केली. घरात एक यंत्र खिडकीत बसलेलंच होतं, आता दारातही एक आणून बसवलंय, ते रात्रंदिवस घूं करतं. मग तिने सांगितलं ते समताला ठाऊक नव्हतं. विश्वास मूळचा पवनीचा. नागपूरला डिप्लोमा करून, वीस वर्षांपूर्वी एका कंपनीबरोबर इकडे आला, तेव्हापासून विमानतळावर बॅगा वाहणारे पट्टे चालवायच्या संगणकांवर काम करत होता. त्याचं काम पक्कं नव्हतं. काम असेल तेव्हा बोलावू, अशा बोलीवरचं होतं. वीस वर्षं ते रोजच असायचं, म्हणून त्या बोलीकडे कोणी लक्ष दिलं नाही. मग विमानं थांबली आणि बोलावणंही थांबलं. त्यांचं घर बाडहूव्हडॉर्पला, धावपट्टीच्या अगदी उशाशी. डोक्यावरून विमान गेलं नाही तर त्याला झोप लागेना. वर्षभर तो खिडकीत बसून रिकाम्या आकाशाकडे बघत होता. दाढी करायचा तो फक्त नीलिमाने तिसऱ्यांदा बजावल्यावर.

"तुझी ती मेल आली आणि हे उठले," नीलिमा म्हणाली. "आता मी उठायच्या आत आंघोळ करून बसतात. मला त्यातलं काही कळत नाही, समता. तू त्यांना काय सांगितलंस तेही विचारत नाही. पण सांगितलंस ना, आता परत घेऊ नकोस. परत त्या खिडकीत बसले तर या वेळी मला ते उठवता यायचे नाहीत."

रविवारी समताने फोन केला नाही.

पण वेलांटीचा संसार उभा करायचा तो एका माणसाच्या बुटांच्या कपाटावर, हेही तिच्या मनाला पटेना. तिच्याहून जास्त ते आशुतोषला पटेना. आशुतोष हा वेलांटीच्याच गटातला, झुइडासमधल्या एका सल्लागार कंपनीतला पुण्याचा हुशार मुलगा. मुलगा म्हणजे चाळिशीचा. चहात साखर किती हवी हेही तो तक्ता करून सांगायचा, आणि त्याच्या तक्त्याला सहसा उत्तर नसायचं. त्याने सर्व्हर शोधून काढले. एक होता एका जर्मन मंडळाचा, देखणा, वेगवान, दहा वर्षं चाललेला. दुसरा फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांच्या क्लबचा. हे दोन सोडून मीटरच्या कपाटात कशाला जायचं, असं त्याने फोनवर समताला सरळच विचारलं. समताने त्याला कान्याची गोष्ट सांगितली नाही. तिन्ही सर्व्हर बुद्धपौर्णिमेपर्यंत वापरून बघू आणि मग ठरवू, एवढंच ती म्हणाली. आशुतोषला ते आवडलं, कारण त्यात तक्ता होता. कोणता सर्व्हर किती वेळा बंद पडला, केव्हा, किती वेळ, आणि का, असे त्याने रकाने आखले.

पहिल्याच आठवड्यात विश्वासची यंत्रणा दोनदा बंद पडली. मात्र ती बंद पडायच्या आधी सगळ्यांना मेल यायची.

'सूचना. आज दुपारी तीन ते सव्वातीन सर्व्हर बंद राहील. कारण: छत्र्यांचं पाणी ठिबकतं, म्हणून छत्र्या हलवायच्या आहेत. गैरसोयीबद्दल क्षमस्व. वि. टेंभुर्णे.'

आधी सांगता आलं नाही तर मागाहून यायची.

'सूचना. सर्व्हर नऊ मिनिटं बंद होता. कारण: सौ.नी व्हॅक्यूम क्लीनर लावण्यासाठी इंटरनेटच्या डबीचा प्लग काढला. सौ.ना पूर्वकल्पना दिलेली होती.'

आणि तिच्या मागोमाग: 'दुरुस्ती. पूर्वकल्पना दिलेली नव्हती, असं सौ.चं म्हणणं आहे. तपासलं. ते बरोबर आहे.'

बॅगांच्या पट्ट्यावर वीस वर्षं काढलेल्या माणसाची ही खोड होती. पट्टा बंद पडतो, त्याचं तिथे कोणाला विशेष वाटत नाही. तो का बंद पडला हे कोणी सांगत नाही, तेव्हा तिकडे चारशे माणसं विमानात बसून खोळंबतात. विश्वासने हीच शिस्त वेलांटीला लावली. सर्व्हर मंद झाला तर 'कारण अद्याप कळलेलं नाही, शोधत आहे, जेवण झाकून ठेवलं आहे' अशी सूचना. कारण सापडलं की 'सापडलं, जेवत आहे' अशी सूचना. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी आली: 'उद्या बुद्धपौर्णिमा. सर्व्हर चालू राहील. खिरीसाठी मात्र बाडहूव्हडॉर्पला यावं लागेल.'

लोक या सूचनांची वाट बघायला लागले. लातूरच्या एका बाईंनी 'क्षमस्व' हा शब्द तिथे चालेल की नाही यावर वाद काढला, तो चार दिवस टिकला, आणि पांगलेली माणसं त्या वादासाठी परत आली. नवीन भांडणं विश्वासच्याच सर्व्हरवर व्हायला लागली, कारण तिथे लोक होते.

दरम्यान जर्मन मंडळाचा सर्व्हर एका शुक्रवारी बंद पडला. ना सूचना, ना क्षमस्व. आशुतोषने तीनदा मेल लिहिली. सोमवारी सर्व्हर आपोआप चालू झाला. दोन आठवड्यांनी एवढंच उत्तर आलं की चावी ज्यांच्याकडे होती ते डोंगरात चालायला गेले होते. फ्रान्सच्या क्लबचा सर्व्हर परीक्षा आल्या तसा मिटून गेला आणि पुन्हा उघडला नाही.

जूनच्या पहिल्या शनिवारी व्हिडिओवर बैठक भरली. पडद्यावर चौकोनाचौकोनांत माणसं होती, आणि एका चौकोनात विश्वास, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, नोकरीच्या मुलाखतीला बसल्यासारखा. त्याच्या खांद्यामागे नीलिमा भाजी निवडत बसली होती. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, पण पालेभाजीच्या एकाच काडीवर तिची बरीच मिनिटं गेली होती.

आशुतोषने तक्ता दाखवला. किती वेळा बंद पडला या रकान्यात विश्वासचा सर्व्हर बाकी दोन्हींच्या बेरजेच्याही पुढे होता. आशुतोष तसा मनाने वाईट नव्हता, त्यामुळे त्याने हे फार हळू आवाजात सांगितलं, आणि मग विचारलं, "विश्वासदादा, समजा तुम्हीच आजारी पडलात. मग हे कोण बघणार?"

"मी बघणार," मागून नीलिमा म्हणाली. "मला चालू करता येतो, बंद करता येतो आणि सूचना लिहिता येते. ह्यांच्यापेक्षा कमी शब्दांत."

लोक हसले. समताला वाटलं, निभतंय. एवढ्यात विश्वासने हात वर केला. शाळेत करतात तसा, खरोखरचा हात.

"मतदानाआधी एक सूचना द्यायची आहे," तो म्हणाला. "ताईंची पहिली मेल होती ना, तिच्यात एक काना राहिला होता. सर्व्हर विश्वासाचा असावा, असं त्यांना म्हणायचं होतं. विश्वासचा नाही. मला कोणी काम दिलेलं नव्हतं. ते लक्षात घेऊन मत द्यावं."

नीलिमाच्या हातातली काडी तशीच राहिली.

"दादा," समताने विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. शुद्धलेखनाच्या गटात आहे मी, ताई. काना कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

विश्वासने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वर्षभर बोलावणं नव्हतं कुठूनच," तो म्हणाला. "हे आलं. चुकून आलं होतं, पण माझ्या नावाने आलं होतं. म्हटलं, आधी जाऊन तर येऊ. चूक काय, नंतरही सांगता येते."

नीलिमाने भाजी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे, म्हणजे थेट समताकडे पाहिलं. समताला मेलमधली ती ओळ, भाताचं पातेलं आणि आपला अंगठा, सगळं एकदम आठवलं. चूक माझीच होती आणि मलाही एप्रिलपासून माहीत होती, असं तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

आशुतोषने आपला तक्ता पुन्हा पडद्यावर आणला. "एक अडचण आहे," तो म्हणाला. "'का बंद पडला' हा रकाना मला जर्मनांचा भरता आलेला नाही. फ्रेंचांचाही नाही. फक्त दादांचा भरलाय, वरपासून खालपर्यंत." मग त्याने विचारलं, "दादा, हे कान्याचं त्यात टाकू का?"

"टाका," विश्वास म्हणाला. "वेळ लिहू नका. तेवढी मोजलेली नाही."

आशुतोषने सगळ्यांच्या आधी आपलं मत विश्वासच्या सर्व्हरला दिलं. लातूरच्या बाईंनी 'क्षमस्व' वगळण्याच्या अटीवर दिलं. बाकीच्यांनी बिनशर्त दिलं. मोजायची वेळ आली नाही. विश्वासने सगळ्यांचे आभार मानले, बैठक संपली असं समजून तो उठला, आणि त्याने इस्त्रीच्या शर्टाखाली घरातला लेंगा घातलाय हे महाराष्ट्राला आणि हॉलंडला एकाच वेळी कळलं. नीलिमाने पुढे होऊन कॅमेऱ्यावर हात ठेवला. त्या हाताआडून थोडा वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं.

सर्व्हर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालला. २०२२ साली विमानं परत सुरू झाली, विमानतळावर माणसं कमी पडायला लागली, आणि विश्वासला कायमच्या नोकरीवर बोलावलं. पाळ्या सांभाळून सर्व्हर बघणं जमेना. त्याने पंधरा दिवस आधी सूचना देऊन तो बंद केला. बाकीची मंडळी तोवर फोनवरच्या ग्रुपात भांडायला गेली होती, आणि सर्व्हरवर तिघेच जण येत होते.